माझे पहिले अकरा सेकंद

मी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण मोठ्याने बोलून काय होतं ते माझं एकदा पाहून झालंय.

मी एक वर्क टेप. टेप म्हणायची नुसती पद्धत आहे. मला ना रीळ ना डबी. गाणं लिहून पुरं झालं की लिहिणारे ते विसरायच्या आत फोनवर गाऊन ठेवतात, ती मी. एक गिटार, एक आवाज आणि मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. माझ्यावरून पुढे नीटनेटकं, धुतलेलं रेकॉर्डिंग करतात, तेच गायकांपर्यंत जातं आणि माझ्यासारख्यांना पुसून टाकतात. आमच्यात याचं कुणाला वाईट वाटत नाही. मलाही वेळेवर पुसलं असतं तर हे सांगायची पाळी आली नसती.

माझा जन्म शारजाला खेटून असलेल्या अल कुसैसचा, जानेवारीतला. तहसीनच्या घरच्या स्टोअर रूममध्ये. तिथे रत्नागिरीला न्यायच्या बॅगा, तांदळाची गोणी आणि पाहुण्यांच्या गाद्या असतात. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून दोघी मैत्रिणी तिथेच बसायच्या. तहसीन गिटार वाजवते. गाणं लिहिलं शुभ्राने, आणि गायलंही तिनेच. ती याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहते. मास कम्युनिकेशन शिकलेली, चोवीस वर्षांची. इतकी पटकन दचकणारी की लिफ्टचं दार उघडलं तरी छातीवर हात ठेवते. तिच्याच फोनमध्ये मी राहते, त्यामुळे ते दचकणं मलाही लागलंय.

गाणं इंग्रजी होतं आणि कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या ढंगाचं, होतं. अल कुसैसच्या मराठी मुलीला कंट्री कुठून सुचलं, असं सगळेच विचारतात. तिच्या बाबांमुळे. शैलेंद्र यांना, म्हणजे बाबांना, शिपिंग कंपनीत पहिला साहेब टेक्ससचा मिळाला होता. तो परत जाताना ड्रॉवरभर सीडी यांना देऊन गेला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदराचा रस्ता आणि कंट्री गाणी हे या घरात ठरलेलंच. शुभ्रा मागच्या सीटवर वाढली ती हे ऐकतच. बाबा म्हणायचे, यात खोटं चालत नाही. ट्रक निळा असेल तर निळाच म्हणायचा, यमकासाठी लाल करायचा नाही.

मी ज्याची लाज बाळगते ती गोष्ट इथूनच सुरू होते.

गेल्या ऑक्टोबरात बाबांची नोकरी गेली. त्यांनी घरी सांगितलं नाही. सांगावंच लागेल असंही काही झालं नाही. घरातल्या सगळ्यांचे व्हिसा आईच्या, अनुपमाताईंच्या, शाळेच्या नोकरीवर होते, आणि कंपनीने शेवटी दिलेल्या रकमेतून महिने निघत होते. बाबा रोज साडेसहाला टाय लावून, डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी सहाला परत यायचे. येऊन ऑफिसातल्या गमती सांगायचे.

तहसीनच्या अब्बांचं, कमरुद्दीनचाचांचं, खोर फक्कान बंदराजवळ माल सोडवून देण्याचं ऑफिस आहे. त्यांनी एकदा घरी जेवताना सहज विचारलं की शुभ्राचे पप्पा हल्ली रोज कॉर्निशला गाडी लावून बसतात, तब्येत वगैरे बरी आहे ना. तहसीनने ते शुभ्राच्या कानावर घातलं. दोघी एका सकाळी तिकडे गेल्या.

मी तेव्हा जन्मले नव्हते. पण फोनमध्ये माझ्या शेजारी एक नोट राहते, तिने मला सगळं सांगितलं. गाडी समुद्राकडे तोंड करून उभी होती. बाबा आत बसून समोरच्या क्रेनांकडे पाहत होते. साडेबाराला त्यांनी डबा काढला, स्टिअरिंगवर टेकवला आणि जेवले. टाय खांद्यावरून मागे टाकली होती, भाजी लागू नये म्हणून. नंतर आरशात बघून केस विंचरले. शुभ्रा एका ताडाच्या आडोशाला उभी होती, फार तर चाळीस पावलांवर. तहसीन म्हणाली, जा ना, हाक मार. शुभ्राने फोन काढला. तहसीनला वाटलं, बाबांना लावतेय. तिने नोट उघडली आणि लिहिलं की एक माणूस, स्टिअरिंगवर डबा, टाय खांद्यावर. मग दोघी टॅक्सीने परत आल्या.

ती नोट अजून माझ्या शेजारीच आहे. आम्ही एकमेकींशी फार बोलत नाही.

त्या नोटेचं महिन्याभरात गाणं झालं. टाय लावलेला माणूस रोज बंदरासमोर गाडी लावतो, गाडीचा एसी घरघरत असतो, ज्या खोक्यांना कधीकाळी त्याचं नाव माहीत होतं ती खोकी तो मोजतो, आणि ध्रुवपदात रोज सहाच्या ठोक्याला घरी पोचतो. मी खोटं सांगणार नाही, गाणं चांगलं होतं. स्टोअर रूममध्ये तहसीनने गिटार जुळवली आणि शुभ्राने रेकॉर्डचं बटण आधीच दाबून ठेवलं. मग ती बोलली. हे माझे पहिले अकरा सेकंद:

"हे बाबांचं आहे. नोकरी गेली हे त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही. मला माहितीये हे मीही त्यांना सांगणार नाही. कुणाला ऐकवू नकोस हं, तहसीन."

मग गिटार, मग गाणं. गाणं संपल्यावर दोघी गादीला टेकल्या आणि बाहेर तहसीनच्या अम्मीच्या कुकरने तिसरी शिट्टी दिली. ती शिट्टीही माझ्यात आहे. मला काही गाळताच येत नाही, हा माझा स्वभावच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी स्वच्छ बहीण रेकॉर्ड केली. तिच्यात बोलणं नव्हतं, शिट्टी नव्हती. पाठवायची होती तीच.

पाठवायची कुणाला, ते सांगते. तिकडे अमेरिकेत, टेनेसीकडे, गाणी लिहिणारे एक आणि गाणारे दुसरे, असं पुष्कळदा असतं. मधे प्लगर नावाची माणसं असतात. ज्याला लिहिता येतं पण ज्याची ओळख नाही, त्याचं गाणं ती गाणाऱ्याच्या दारात नेतात. अशा एक मॅरियन बाई, साठीच्या पुढच्या, महिन्यातून एकदा ऑनलाइन वर्ग घेतात. शुभ्रा त्यात बसायची. आईला हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे वधूवर सूचक मंडळच की. तुझी मुलगी दाखवायला नेणार."

मॅरियनबाईंनी गाणं मागवलं त्या संध्याकाळी शुभ्रा बेडवर मांडी घालून बसली होती. ईमेल लिहून तयार होता. दोन्ही फायलींवर एकच नाव होतं, फक्त तारीख वेगळी. बोट बहिणीवर होतं. तेवढ्यात बाबांनी दार उघडलं, हातात रिकामा डबा, आणि म्हणाले की आज मीटिंग फारच लांबली. ती दचकली. बोट सरकलं. मी गेले.

ती स्वतःला अजून त्यासाठी बोल लावते. मी गप्प राहते. पण जाताना मलाही कुठेतरी बरं वाटलं होतं. बहीण घरी राहिली आणि मी निघाले, हा अभिमान मला झाला होता. आता तो आठवला की अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

मॅरियनबाईंच्या यादीत आम्ही पन्नासेक होतो. त्या एकेका माणसाकडे जायच्या. कुणी निर्माता, कुणी रेकॉर्ड कंपनीत गाणी निवडणारा. ही माणसं फार घाईत असतात. गाणं लावायचं, वीस सेकंद ऐकायचं, पुढचं लावायचं. माझे तर पहिले अकरा सेकंद त्यांना न कळणाऱ्या भाषेतले. तीन ठिकाणी मी सुरू व्हायच्या आत संपले. चौथ्या ठिकाणी एक गायक होता. मुलांना शाळेतून आणायला निघाला होता आणि त्याच्या ट्रकमध्येच मला लावलं होतं. मॅरियनबाई म्हणाल्या, सुरुवातीचं बोलणं सोडून दे, पुढे सरकव. तो म्हणाला, नको, ते पुन्हा लाव. त्याने मला शाळेच्या दारात तीनदा ऐकलं. पोरं मागे चढून बसली तरी ऐकत होता. त्याने मला होल्डवर ठेवलं.

होल्ड म्हणजे नुसता शब्द. कागद नाही, सही नाही. हे गाणं मला हवंय, मी ठरवेपर्यंत दुसऱ्या कुणाला ऐकवू नका, इतकंच. तो महिनोन्‌महिने थांबू शकतो आणि नको म्हणू शकतो. आई म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे, पण तारीख काढत नाहीत." पुढे त्यांनी हेही विचारलं की ठरलंच तर किती दिरहम, आणि मनातल्या मनात रुपये करून टाकले.

बाबांचा आनंद बघवत नव्हता. शुभ्राने गाणं कशावर आहे ते सांगायचं टाळलं होतं. त्यांनाही घाई नव्हती. कंट्री गाणं गाडीतच ऐकायचं आणि तेही पक्कं रेकॉर्ड झाल्यावर, असा त्यांचा हट्ट होता. दुसऱ्या दिवशी सहाला घरी आले ते हसतच. म्हणाले, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी उभी राहून टाळ्या वाजवत होती. अकाउंट्सच्या फहदने मिठी मारली, मबरूक, म्हणजे अभिनंदन, म्हणाला.

शुभ्रा फोन हातात घट्ट धरून म्हणाली, "सो नाइस, बाबा." त्या तळहाताचा घाम मला आठवतो. नसलेल्या ऑफिसातली नसलेली माणसं तिच्यासाठी टाळ्या वाजवत होती, आणि का वाजवत होती, तर माझ्यासाठी.

मे महिन्यात मेल आला. गाणं रेकॉर्ड झालं होतं. मॅरियनबाईंनी लिहिलं होतं की तुझा बोलण्याचा आवाज आम्ही सुरुवातीला तसाच ठेवलाय. गायक म्हणतो त्याशिवाय गाणंच नाही. फार पवित्र वाटतं ऐकायला, प्रार्थना आहे का ती? सोबत गाण्याचं कच्चं मिक्स जोडलं होतं, शुभ्राच्या मान्यतेसाठी.

शुभ्राने ते ऐकलं आणि कुठली फाईल गेली ते तिला तेव्हा कळलं. पहिले अकरा सेकंद मी, माझी मी, आणि मग तो भारदस्त अमेरिकन आवाज. ती धावत खाली तहसीनकडे गेली. तहसीनने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. मग धीर द्यायला म्हणाली, "रिलॅक्स यार. मराठी लोक कंट्री ऐकतातच कुठे?"

शुभ्रा म्हणाली, "एक जण ऐकतो."

तिने मेल लिहायला घेतला, की ते बोलणं काढून टाका, ते खासगी आहे. लिहून झाला आणि पाठवला नाही. अकरा सेकंदांसाठीच त्याने गाणं घेतलं असेल तर? रेकॉर्ड झालेलं गाणंही शेवटच्या क्षणी वगळतात, हे तिला वर्गात शिकवलं होतं. चार दिवस तो मेल अर्धवट पडून राहिला. ती एकीकडे बाबांना वाचवत होती आणि एकीकडे गाणं, आणि दोन्ही एकदम सुटत नव्हतं. त्या चार दिवसांत तिने कानात इयरफोन घालून मला किती वेळा ऐकलं असेल. शब्द स्पष्ट कळतात का, एवढंच तपासायला. स्पष्ट कळत होते. माझा आवाज नेमका तिथे फार स्वच्छ आहे.

शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, यल्ला, खोर फक्कानला जाऊ. आईच्या उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या, त्या घरीच थांबल्या. गाण्याचं काय झालं म्हणून बाबांनी लिफ्टमध्ये विचारलं. शुभ्रा म्हणाली, अजून आलं नाही.

बाबांच्या गाडीला तिचा फोन ओळखीचा आहे. किल्ली फिरली की फोनमध्ये जे शेवटचं वाजलं ते गाडी आपोआप वाजवते. हे तिला माहीत होतं. दोघांनाही माहीत होतं. त्या सकाळी तिला आठवलं नाही.

गाडी सुरू झाली आणि मी बोलले.

हे बाबांचं आहे. नोकरी गेली हे त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही.

शुभ्राचा हात बटणाकडे गेला. बाबा म्हणाले, "राहू दे."

मला थांबता येत नाही. मी सगळं बोलले, मग गायले, सगळं. स्टिअरिंगवरचा डबा, खांद्यावरची टाय, कंगवा, सहाचा ठोका. बाबांचे हात त्याच स्टिअरिंगवर होते. अम्मीच्या कुकरने तिसरी शिट्टी दिली आणि मी संपले. नंतर गाडीत कुणी काही लावलं नाही. शारजा मागे पडलं, डोंगर आले, एकामागून एक बोगदे आले. एकेका बोगद्यात शिरताना वाटायचं, आता कुणीतरी बोलेल. जवळजवळ दीड तास.

बाबांनी गाडी त्यांच्या नेहमीच्या जागी लावली, समुद्राकडे तोंड करून. इंजिन बंद केलं, काच खाली केली.

"कमरुद्दीननं सांगितलं?"

"त्यांनी तहसीनला सांगितलं. मग मी येऊन बघितलं."

"कधी?"

"डिसेंबरात. त्या झाडापाशी उभी होते."

बाबांनी ते झाड बघितलं. अंतरही बघितलं असावं. मग म्हणाले, "एवढ्या जवळ होतीस. हाक का नाही मारलीस?"

शुभ्राला काहीही सांगता आलं असतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, धीर झाला नाही म्हणून. अर्धं खरंही ठरलं असतं.

ती म्हणाली, "ओळ सुचली होती, बाबा. ती लिहीत होते."

बाबांनी क्रेनकडे बघितलं. एक खोकं वर गेलं, फिरलं, खाली आलं. मग त्यांनी विचारलं, "कुठली? डब्याची का टायची?"

"दोन्ही."

"हं. एसीचं चुकलंय. मी गाडी बंद ठेवतो. काच खाली. रोज. ट्रक निळा तर निळा."

"रेकॉर्ड झालं, बाबा. आता बदलणार नाहीत."

"मग राहू दे. तिकडे टेनेसीत उकडत असेल त्यांना." हे बोलून त्यांनी काचेतून तोंड बाहेर केलं. शुभ्रा रडत होती. तिने त्यांच्या बाहीला हात लावला, तो त्यांनी काढला नाही.

मग तिने सगळं सांगितलं, म्हणजे ते अकरा सेकंद गाण्याच्या सुरुवातीला जाणार आहेत, तिने लिहून ठेवलेला मेल गेलेला नाही आणि का गेलेला नाही, हेही. बाबा म्हणाले, "गाणं जाऊ दे जगात. ते माझं असलं तरी जाऊ दे, चांगलं झालंय. पण वरचं ते बोलणं काढायला सांग. ते घरातलं आहे."

"मग त्याने गाणंच नको म्हटलं तर?"

"तर नको म्हणेल."

तिने तिथेच, गाडीत बसून, ते माझ्या वडिलांबद्दल आहे अशी एक ओळ वाढवून मेल पाठवला.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला सांगितलं. मी जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी पडून होते. आईंनी उत्तरपत्रिका नीट रचल्या, रबर लावला. मग विचारलं, "आणि डबा कुठे खायचात?"

"गाडीत."

"भाजी गार होत असेल," आई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. आतून नळाचा आवाज फार वेळ येत होता.

गायकाने गाणं वगळलं नाही. तीन आठवडे त्याने उत्तर दिलं नाही आणि ते तीन आठवडे शुभ्राने नखं खाल्ली. मग मॅरियनबाईंचा मेल आला, एका ओळीचा. तो म्हणतो, त्याचेही वडील आहेत. गाणं ऑगस्टमध्ये आलं. तिकडच्या रेडिओवर वाजतं म्हणे. ते थेट गिटारने सुरू होतं, अगदी स्वच्छ. माझं त्यात काही नाही, आणि तसंच हवं.

कमरुद्दीनचाचा स्वतः घरी आले होते. बाबांना म्हणाले, शैलेंद्रभाई, माझ्या दारासमोर गाडी लावून बसलात, आत येऊन चहा प्यायला काय हरकत होती. आता बाबा आठवड्यातले तीन दिवस त्यांच्या ऑफिसात बसतात आणि बाकीचे दिवस अर्ज करतात. इन्शाल्ला काहीतरी होईल, असं सगळे म्हणतात. अजून झालेलं नाही.

माझं म्हणाल तर मला पुसलेलं नाही. शुभ्राने एकदा बोट ठेवलं होतं, पण बाबांनी मला मागून घेतलं. "ती कच्ची मला पाठव," म्हणाले. आता मी दोन फोनांत राहते. खोर फक्कानला पोचल्यावर, ऑफिसात शिरण्याआधी, कधी कधी ते काच खाली करतात आणि मला लावतात. गाणं ऐकत नाहीत. तहसीनच्या गिटारचा पहिला आवाज येण्याआधी बंद करतात. फक्त अकरा सेकंद. त्यांची मुलगी गाद्यांमध्ये बसून म्हणतेय की मीही त्यांना सांगणार नाही.

मी दर वेळी शरमेने अर्धी होते. जे बोलायला नको होतं तेच मी बोलते, आणि ते तेवढंच ऐकतात. मग डबा उचलतात, टाय सरळ करतात आणि जातात.

तुमच्या फोनमध्येही माझ्यासारखी एखादी असेल, कुणाचं तरी बोलणं घेऊन बसलेली. ती कुणाला ऐकवण्याआधी एकदा पूर्ण ऐका, अगदी सुरुवातीपासून. आणि तुमचं माणूस चाळीस पावलांवर दिसलं, तर आधी हाक मारा. ओळ थांबेल. नाही थांबली तरी चालेल. आता मी गप्प बसते.